मफिनचं अभ्यंगस्नान

बिबवेवाडीतल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर यज्ञेश्वर आठल्ये राहत. एकतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. उभं राहून, पट्टी लावून, टोकदार पेन्सिलीनं यंत्रांची चित्रं काढायची, हे काम. मग कारखान्यात कॉम्प्युटर आले. पंचविशीतली पोरं माऊस हलवून दोन तासांत आठवड्याचं काम उरकायला लागली, आणि एक दिवस साहेबांनी आठल्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. साहेब चहा पाजतोय म्हटल्यावर आठल्ये काय ते समजले. स्वेच्छानिवृत्ती म्हणे! स्वेच्छा नक्की कोणाची, एवढं त्यांनी विचारलं. साहेबांनी बिस्किटांची बशी पुढं सरकवली.

गंमत बघा, त्याच कॉम्प्युटरवर त्यांचा मुलगा सौमित्र मोठा झाला. हिंजवडीत नोकरी, तिकडेच फ्लॅट, बायको वल्लरीही त्याच कंपनीत. चार वर्षांपूर्वी पत्नी मंदाकिनीबाई गेल्या आणि आठल्ये घरात एकटे उरले. हिंजवडी काही लंडनला नाही, पण सौमित्रची फेरी महिन्यातून एकदा व्हायची. फोनही असाच, आठवण झाली की. "काय बाबा, बरे आहात ना?" "हो." "चला मग, मीटिंग आहे." फोन ठेवल्यावर आठल्ये कुकर लावत. एक वाटी तांदूळ.

दोन हजार सात सालच्या गणपतीनंतर दोघांना कंपनीनं वर्षभरासाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. तेव्हा एका रविवारी दोघं गाडी घेऊन आले आणि गाडीतून वासराएवढा सोनेरी कुत्रा उतरला. नाव मफिन.

"हे नाव आहे की बेकरीतली ऑर्डर?" आठल्ये म्हणाले.

वल्लरीनं प्लॅस्टिकचं आवरण घातलेला एक कागद त्यांच्या हाती दिला. छापील एकोणीस सूचना. जेवण किती ग्रॅम, पाणी किती वेळा बदलायचं, बिस्किटं का नाहीत. सातवी सूचना होती, त्याच्याशी प्रेमाने बोला. आठल्यांनी त्या सूचनेपुढे पेन्सिलीनं एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद फ्रिजवर लावला.

सुरुवातीला त्यांचं आणि मफिनचं नातं भाडेकरूशी असावं तसं होतं. आठल्ये त्याला अहोजाहो करत. "उठणार का आपण, की नाश्ता इथंच पाठवू?" मफिन शेपटी आपटायचा. "शेपटीनं फरशी पुसून झाली असेल तर बाहेर जाऊ या."

पण ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि भाडेकरूची दैना बघवेना. पाऊस सरला की पुण्यात जी काहिली होते, त्यात माणसांचा जीव नकोसा होतो, मग या केसाळ प्राण्याचं काय व्हावं! तो बाथरूमच्या फरशीवर चारी पाय पसरून पडून राही. केस तर इतके गळत की आमटीत केस, चष्म्यावर केस, देवाच्या फुलांत केस. आठल्ये पहाटे साडेपाचला त्याला फिरवून आणू लागले, कारण आठनंतर डांबर तापतं. त्यावर ते स्वतः तळवा ठेवून बघत. दुपारी ओला पंचा पिळून त्याच्या पोटाखाली अंथरत. संध्याकाळी गॅलरीत बसून केस विंचरायचे आणि मग गोचिड्या शोधायच्या. पावसाळ्यानंतर गवतात गोचिड्यांचा सुकाळ. कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. बारीक चिमट्यानं एकेक उपटायची आणि रॉकेलच्या वाटीत टाकायची. एकतीस वर्षं मिलिमीटर मोजलेला हात तो, एकही गोचीड सुटत नसे. मफिन त्यांच्या मांडीवर डोकं टाकून झोपून जाई, आणि मांडीला मुंग्या आल्या तरी आठल्ये हलत नसत.

आणि रविवारी फोन यायचा. हे नवीन होतं. दर रविवारी सकाळी साडेआठला, तिकडे शनिवारची रात्र. आठल्ये आठपासून दाढीबिढी करून बसत. मोबाईल सौमित्रनंच जाताना देऊन ठेवलेला.

"बाबा, मफिन कसा आहे? खातोय ना? जरा त्याच्या कानाला लावा ना फोन."

आठल्ये फोन मफिनच्या कानाला लावून धरत. दोघं आळीपाळीनं पाच-सात मिनिटं बोलत. काय बोलतात ते आठल्यांना कळत नसे, नुसती कुजबुज ऐकू येई. मफिन मान तिरपी करून ऐके. मग फोन परत यायचा. "थँक्यू हं बाबा. पुढच्या रविवारी करतो." आठवड्याला एक फोन! चार वर्षांत असं झालं नव्हतं. हा फोन कुणासाठी आहे हे आठल्यांना नीट ठाऊक होतं, तेवढं अज्ञान त्यांच्याकडे नव्हतं. तरी रविवारची वाट ते बघत, आणि कुत्रा आहे तोवर फोन आहे, हे मनाशी धरून होते.

अशात दिवाळी आली.

मंदाकिनीबाईंचा एक नेम होता. नरकचतुर्दशीला घरातल्या प्रत्येकाला उजाडायच्या आत तेल-उटणं लावून अंघोळ. एकदा घरी आलेला विमा एजंट रात्री मुक्कामाला राहिला, तर त्यालाही पाटावर बसवलं होतं. त्या गेल्यापासून आठल्ये एकट्यानंच तेल लावून घेत. पाठीला हात पोचत नसे, पाठ कोरडीच राही.

या वर्षी घरात दोघं जण होते. एकोणीस सूचनांत दिवाळीचं नाव नव्हतं. आता याला कुणी खुळेपणा म्हणेल तर म्हणो, पण आठल्यांच्या मनानं घेतलं की घरातला आहे, त्याला वगळायचं कसं! फटाक्यांची भीती म्हणून त्यांनी बेत नीट आखला. पावणेपाचला, फटाके सुरू व्हायच्या आत उरकायचं. खिडक्या बंद. तेल कोमट केलं, पाट मांडला, भोवती दोन ओळींची रांगोळीसुद्धा काढली. पट्टा चामड्याचा, तेलानं खराब होईल, म्हणून तो काढून खुंटीला अडकवला. नंबर लिहिलेला बिल्ला त्या पट्ट्यालाच होता.

"बसा, मफिनराव. आज आपला मान."

दोन वाट्या तेल त्या केसांत जिरलं. मानेपासून शेपटीपर्यंत, पायांना, पंज्यांना. मफिन सुखानं डोळे मिटून उभा होता. आठल्ये कितीतरी वर्षांनी गुणगुणत होते.

तेवढ्यात बेल वाजली. दशरथ दूधवाला, सणाचं म्हणून लवकर आलेला. आठल्यांनी तेलकट हातांनी कडी काढली, दार उघडलं, आणि नेमकी खाली कुणीतरी हजाराची माळ लावली.

मफिन उडालाच. आठल्यांनी दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली, पण मिठीत राहिलं फक्त तेल. सुळकन निसटला, दशरथची किटली उडवली, जिना उतरला आणि फाटकातून गेला. दूध पायऱ्यांवरून ओघळत खाली चाललं होतं.

आठल्ये पंच्यावर, अनवाणी, रस्त्यावर धावले. "मफिन! अहो मफिन!" घराघरांत पणत्या, दारात रांगोळ्या, चहूकडे धूर आणि धडामधूम. तिसऱ्या मजल्यावरचे रावसाहेब जाधव गॅलरीतून म्हणाले, "आठल्ये, पहिली अंघोळ रस्त्यात का?" आठल्यांनी वरही बघितलं नाही. मार्केट यार्डापर्यंत गेले, तिथून परत, मग अप्परच्या वस्तीच्या बाजूला. उजाडलं, ऊन चढलं, पाय भाजले. मफिन नाही.

दुपारी घरी आले तेव्हा पाट तसाच होता. त्यांनी स्वतः अंघोळ केली नाही. पाटाशेजारी बसून राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझंच चुकलं." ऐकायला कोणी नव्हतं.

मग ते उठले आणि जुना ड्रॉइंग बोर्ड कपाटावरून खाली काढला. फोटो होता, पण फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी मफिन काढला: समोरून, बाजूनं, वरून; उंची, लांबी, शेपटीची लांबी, सगळं मापासकट. खाली लिहिलं, 'हरवला आहे. चावत नाही. अंगाला तेल आहे. फटाके उडवू नयेत. बिस्किटे देऊ नयेत, पोट बिघडते.' आणि मोबाईलचा नंबर. साठ प्रती काढल्या आणि दोन दिवस खळ घेऊन भिंती, खांब, दुकानांची शटरं गाठत हिंडले.

भाऊबीज रविवारी आली. आठ वाजता आठल्ये दाढी करून बसले होते, सवयीनं. फोन वाजला, तो त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"हॅपी दिवाळी बाबा! फटाक्यांना फार घाबरला का हो मफिन?"

खरं सांगायचं, असं त्यांनी रात्रभर घोकलं होतं. तोंडातून निघालं, "नाही. झोपलाय इथं."

"उठवू नका. पण कानाला लावा ना, झोपेतही ऐकतो तो."

आठल्यांनी इकडंतिकडं बघितलं. खोलीत कोणी नव्हतं. फोन कुठं लावणार? कट केला तर सौमित्र परत करेल. त्यांनी फोन होता तिथंच, आपल्याच कानाला ठेवला. "लावलाय," म्हणाले.

"बाळा," सौमित्र म्हणाला. आवाज एकदम हळू, मऊ. "जेवलास का रे? हं? नीट जेवत जा. रागावलायस का माझ्यावर? मला रोज आठवण येते तुझी. ऑफिसातून आलो की घर खायला उठतं. एकटं वाटतं का रे तुला? येणार आहे मी. तोपर्यंत तब्येतीला जप. तू हवायस मला."

आठल्यांनी तोंडावर पंचा दाबून धरला होता. हा आपलाच मुलगा! याला असं बोलता येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. पुढं वल्लरी बोलली, तिचंही त्यांनी ऐकून घेतलं. "थँक्यू हं बाबा," सौमित्रचा आवाज पुन्हा नेहमीचा झाला. "पुढच्या रविवारी करतो."

पुढचा रविवार! तोवर मफिन सापडला नाही तर सगळं संपलं. ते पहाटे निघत आणि दुपारी परत येत, संध्याकाळी पुन्हा निघत. बिबवेवाडी झाली, कात्रजपर्यंत झालं. टेकडीवर हाका मारून घसा बसला. जेवणाचं भान राहिलं नाही.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. बाईचा आवाज, बोली वऱ्हाडाकडची. "तुमचं कुत्रं आमच्या घरी आहे जी. अप्परला. बिस्कुट देऊ नका लिहिलं हाय, पर आम्ही आधीच देल्लं."

इंदुबाई आणि तिचा नवरा कोंडीराम वाशीमकडून कामाला आलेले, पत्र्याच्या खोलीत राहत. मफिन त्यांच्या हातगाडीखाली लपून बसला होता म्हणे, दोन दिवस बाहेरच येईना, आणि भिंतीवरचा कागद त्यांच्या नजरेला आजच पडला. अंगाचं तेल आणि धूळ मिळून त्याचा रंग पार काळा झालेला, कानामागे गोचिड्याच गोचिड्या. आठल्यांना बघितलं आणि तो केवढ्यानं ओरडला! उड्या मारून त्यांच्या छातीवर पंजे टेकले. आठल्ये मातीत बसले आणि त्या घाणेरड्या मानेत तोंड खुपसून रडले. कोंडीरामनं गडबडून पाणी आणलं. आठल्यांनी शंभराच्या नोटा पुढं केल्या, तर इंदुबाई म्हणाली, "ठेवा जी. आधी तुम्ही दोन घास खा, चेहरा कसा झाला." भाकरी आणि ठेचा त्यांनी तिथंच बसून खाल्ला.

शनिवार सगळा गोचिड्या काढण्यात गेला. तीन अंघोळी झाल्या, या खेपेला साबणानं. रात्री मफिन त्यांच्या पलंगाखाली घोरत होता आणि आठल्ये किती दिवसांनी गाढ झोपले.

रविवारी साडेआठला फोन आला. मफिन त्यांच्या पायांशी, स्वच्छ, सोनेरी, कान टवकारून बसला होता. फोनची वेळ त्यालाही पाठ झालेली.

"बाबा, मफिन कसा आहे?"

"उत्तम आहे," आठल्ये म्हणाले. या वेळी खरं होतं.

"कानाला लावा ना."

मफिननं मान तिरपी केली आणि कान पुढं केला. आठल्यांनी फोन खाली नेला, अर्ध्यात थांबवला. मग परत वर आणून आपल्याच कानाला घट्ट लावला.

"लावलाय," ते म्हणाले. "बोल."

"बाळा, जेवलास का रे?" सौमित्रनं विचारलं.

आठल्ये डोळे मिटून ऐकत राहिले. मफिननं त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला, तरी त्यांनी खाली बघितलं नाही.