माईकवरचे धर्माजी

ओतूरच्या आसपास लग्न असलं आणि माईकवर धर्माजी नसले, तर मांडव सुना वाटायचा. काम तसं साधंच. आलेल्या पाहुण्यांची नावं गावासकट पुकारायची, म्हणजे त्यांना टॉवेल-टोपी देऊन मान करता येतो. पण नाव चुकलं की संपलं. माणूस न जेवता चपला शोधायला लागतो आणि पुढं कित्येक वर्षं बोलणं बंद. म्हणून बाकीचे पुकारणारे वहीत बघून वाचायचे. धर्माजींच्या हातात कधी चिठ्ठी नव्हती. मांडवात एक चक्कर मारली की झालं. कोण कुठला, कुणाचा व्याही, कुणाची बहीण कुठं दिलीय, सगळं तोंडावर. वर एखाद्याची फिरकीही घ्यायचे. “शिनोलीचे सोमाजी पावणं आलेत, लाडवाची परात जरा लपवून ठेवा,” म्हणायचे, आणि सोमाजीच सगळ्यांत आधी हसायचा.

त्यांची बायको साळुबाई बायकांत बसून हे ऐकायची आणि पदराआड हसायची. नवऱ्याचा तिला फार अभिमान. बोलून मात्र कधी दाखवला नाही, नाहीतर हा माणूस घरातही माईक घेऊन बसला असता.

आता ही नावं त्यांच्या डोक्यात यायची कुठून, याचा विचार कुणी केला नव्हता. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन ते मळ्यातनं डेअरीवर चालत जायचे. दोन मैल जायचं, दोन मैल यायचं, आणि भेटेल त्याला वाटेत उभं करायचं. “काय रं, बहिणीला पोरगं झालं म्हणं? नाव काय ठेवलं?” दुधाला रोज उशीर व्हायचा आणि डेअरीवाला रोज कुरकुर करायचा.

मग दोन हजार सालच्या पावसाळ्यात धर्माजी बांधावरनं घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण त्यांचा मुलगा गोरख घाबरला. तो चाकणला कंपनीत होता आणि बापावर त्याचा फार जीव. त्यानं दुधाची गाडी दारात यायची सोय केली, ओट्यावर खाट टाकली, समोर रंगीत टीव्ही आणून ठेवला. “आप्पा, लई राबलात. आता निवांत बसून खायाचं.”

खाल्लं बसून. दोन वर्षं बसून खाल्लं. दुपारभर घोरायचं आणि रात्री टक्क जागं राहायचं. पोट सुटलं, दम लागायला लागला, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारणंही बंद झालं.

२००२च्या वैशाखात पुतण्याच्या लग्नात नको ते घडलं. धर्माजींनी सगळ्यांची नावं घेतली आणि निमगाव साव्याच्या चांगदेवाचं राहिलं. चांगदेव म्हणजे साळुबाईचा धाकटा, एकुलता एक भाऊ. पुढच्याच रांगेत बसला होता. शेवटपर्यंत वाट बघितली त्यानं, मग उठला आणि न जेवता निघून गेला.

“अवो, सगळं गाव आठवलं आन माझाच भाऊ कसा राहिला?” घरी आल्यावर साळुबाईनं विचारलं. भांडायच्या तयारीनंच आली होती ती.

धर्माजी खाटेवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. “दिसत व्हता गं मला. डोळ्यासमोर व्हता. नावच येईना.” मग म्हणाले, “कुणाला सांगू नको. चांगदेवाला तर मुळीच न्हाई. माझी शपथ हाय तुला.”

झालं. भावाला खरं सांगावं तर नवऱ्याची लाज जाते, न सांगावं तर माहेर तुटतं. भाऊबीजेला ती ओवाळणीचं ताट करून संध्याकाळपर्यंत बसली. चांगदेव आला नाही.

गोरख घरातलाच, त्याच्यापासून काय लपणार. त्यानं पुण्याहून मेंदूच्या कॅप्सूल आणल्या. टीव्हीवर त्यांची जाहिरात लागायची. डबीवर माणसाचं डोकं आणि डोक्यातनं निघणारी किरणं. शिवाय ब्राह्मीचं औषध, शिवाय भिजवलेले बदाम. धर्माजी सगळं इमानानं घ्यायचे. आणि एक दिवस सोमाजी दारात आला, तर धर्माजींनी आत येऊन बायकोला विचारलं, “ह्यो कोण गं?”

आज सोमाजी, उद्या गोरख, परवा मी, असं साळुबाईला दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या डब्या-बाटल्या पिशवीत घालून ती नवऱ्याला ओतूरला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी बीपी बघितलं, ते चांगलंच चढलेलं. डब्या उलटसुलट करून बघितल्या. “यांनी विसरणं थांबतं असं मी तरी कुणाचं बघितलं नाही, मावशी. बीपीची गोळी देतो, ती चुकवू नका. पण हे दिवसभर करतात काय?”

“बसत्यात.”

“आणि आधी काय करायचे?”

साळुबाईनं किटलीपासून सगळं सांगितलं. डॉक्टर हसले. “मग तेच परत चालू करा की. चालायचं, दिवसा झोपायचं नाही, मीठ कमी, आणि माणसांत राहायचं. गेलेलं सगळं परत येईल असं नाही म्हणत मी. पण आहे ते जास्त दिवस राहील.”

तिनं दुधाची गाडी बंद केली आणि किटली नवऱ्याच्या हातात दिली. स्वतःही सोबत निघाली.

“आन तू कशाला?”

“मला पाय मोकळं करायचेत.” खोटंच होतं ते, त्यांना वाट सापडेल का याचा तिला घोर होता. समोरनं कुणी आलं की ती हळूच म्हणायची, “कोण हाय ह्यो, सांगा बघू.”

“मला परत बिगरीत घातलंस का काय?” धर्माजी चिडायचे. पण थांबायचे, ऊस कसाय, म्हैस व्याली का, असं विचारत राहायचे, आणि बोलता बोलता कुठंतरी नाव सापडायचं. कधी नाहीच सापडायचं.

दोनेक महिन्यांत दुपारचं घोरणं गेलं आणि रात्रीची झोप आली. एका सकाळी स्टँडवर सोमाजी उतरला, आणि धर्माजींनी लांबनंच आरोळी ठोकली, “सोमाजी पावणं, आज कुणाकडं जेवण?” साळुबाईला वाटलं, तिथंच त्यांच्या पाठीवरनं हात फिरवावा. चारचौघांत कसा फिरवणार? तिनं आपली किटलीच त्यांच्या हातातनं घेतली.

“बघ, कॅप्सूलचा गुण,” गोरख म्हणाला. साळुबाईनं वाद घातला नाही. पोरानं मायेनं आणल्या होत्या.

तोवर धाकट्या लेकीचं, अश्विनीचं लग्न जमलं. गोरख पत्रिका पोस्टानं पाठवायच्या म्हणत होता, साळुबाईनं ऐकलं नाही. धर्माजी गावोगाव स्वतः फिरले. निमगावला दोघं मिळून गेले. चांगदेवानं पाणी दिलं, चहा दिला, पत्रिका घेतली. “यीन. भाचीसाठी यीन,” एवढंच बोलला. साळुबाईच्या ओठावर खरं आलं होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, तर ते खाली जमिनीकडं बघत होते. तिनं ते गिळलं.

लग्नाच्या दिवशी गोरखनं नावांचा कागद लिहून दिला. धर्माजींनी घडी करून त्यालाच परत केला. मग माईक घेतला आणि सुरू झाले. गावामागून गाव, नावामागून नाव, मधेच एखाद्याची फिरकी. मांडव हसत होता. साळुबाई मात्र पदराचं टोक पिळत बसली होती.

शेवटी अक्षता वाटून झाल्या. आता मामानं नवरीला आणायचं.

“मुलीचे मामा,” धर्माजी म्हणाले, आणि थांबले.

चांगदेव समोरच उभा होता. गोरख कागद उलगडत धावला, पण धर्माजींनी हातानंच त्याला अडवलं.

“ह्यो माझा मेव्हणा,” ते माईकवरच म्हणाले. “माझ्या लग्नात एवढासा व्हता, माझ्या मांडीवर बसून जेवला. सगळं आठवतंय. नाव तेवढं येईना राव मला. मागच्या साली बी आलं न्हवतं. म्या मुद्दाम केलं असं त्यानं धरलं, आन मला लाज वाटली, म्हणून सांगितलं न्हाई.”

साळुबाईनं डोळे मिटले. उघडले तेव्हा चांगदेव माईकपाशी पोचला होता. त्यानं दाजींचा हात माईकसकट आपल्या हातात धरला आणि वाकून सांगितलं, “चांगदेव. मुक्काम निमगाव सावा.” मग हळूच, “म्हणा दाजी.”

“चांगदेव,” धर्माजी म्हणाले. “मुक्काम निमगाव सावा. मुलीचे मामा.” आणि मांडवात कितीतरी लोकांनी डोळे पुसले.

जेवणाच्या पंगतीत चांगदेव बहिणीजवळ येऊन उभा राहिला. “आक्का, मला सांगायचं व्हतंस की गं.”

“शपथ घातली व्हती त्यांनी.”

“वरीसभर पाळलीस?” त्यानं तिला हाताला धरून पंगतीत आपल्याशेजारी बसवलं.

त्यानंतर तो दर बाजाराच्या दिवशी एस्टीनं यायचा आणि ओट्याच्या पायरीवरनंच सांगायचा, “दाजी, चांगदेव आलाय.” धर्माजी चिडून म्हणायचे, “म्हाइती हाय मला.” चालणं चालू होतं, तसं नावंही बरीच वर्षं टिकली. पुढं पुढं मात्र ते चिडेनासे झाले. चांगदेवानं नाव सांगितलं की नुसते हसायचे, आणि खाटेवरची शेजारची जागा हातानं झटकून त्याला बसायला द्यायचे.