आमच्या शाळेची वाहतूकमंत्री

आमच्या हायस्कूलमध्ये दर जुलैत निवडणूक व्हायची. मुख्यमंत्री मुलांनी निवडायचा आणि बाकीचं मंत्रिमंडळ मुख्याध्यापकांनी नेमायचं. मी नववीत होते, तरी मुख्यमंत्रिपदाला उभी राहिले. दहावीतल्या एका मुलानं मला आरामात पाडलं. तो गोड बोलायचा, व्हॉलीबॉल छान खेळायचा. निकाल काय लागणार हे मलाही कळत होतं. तरी घरी जाताना रडले.

दुसऱ्या दिवशी सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मला ऑफिसात बोलावलं. आरोग्य, क्रीडा, सहल, सांस्कृतिक, सगळी खाती वाटून झाली होती. सर जरा वेळ खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू वाहतूकमंत्री." हे खातं शाळेत तोवर कधी नव्हतं. शपथविधीला माझं खातं पुकारलं तेव्हा प्रार्थनेच्या मैदानावर हशा पिकला. शाळेत वाहन म्हणावं तर सरांची लुना आणि मुलांच्या सायकली, बस.

मग मी सायकलीच हातात घेतल्या. लिंबाखाली चुन्याच्या रेघा मारल्या, प्रत्येक वर्गाची जागा ठरवून दिली. शाळा सुटली की पूर्वी एक सायकल ओढली तर दहा पडायच्या, ते थांबलं. हसणारी मुलं गपचूप आपापल्या रेघेत सायकल लावायला लागली. मुख्यमंत्र्याची सायकल एकदा वाकडी लागली होती, तीसुद्धा मी त्याला नीट लावायला लावली. त्यानं लावली, हे त्याचं मोठेपण.

शाळा नगर-मनमाड रस्त्याला लागून होती, कोल्हारच्या थोडं अलीकडे. निम्मी मुलं रस्त्यापलीकडच्या वस्त्यांवरून यायची, मीही त्यांतलीच. दिवाळीनंतर साखर कारखाना सुरू झाला आणि रस्त्याचं रूपच पालटलं. मागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर दिवसभर चालू. ड्रायव्हर मोठ्यानं टेप लावायचे. भरलेला ट्रॅक्टर तरी हळू जायचा, रिकामा परतणारा सुसाट यायचा.

एका सकाळी पाचवीतली एक मुलगी धावत रस्ता ओलांडत होती. तिचं दप्तर खांद्यावरून निसटून रस्त्यावर पडलं. ते उचलायला ती वळणार, तोच मागून येणाऱ्या मुख्यमंत्र्यानं तिचा हात धरून तिला मागे ओढलं. रिकामी ट्रॉली दप्तरावरून गेली. पोरगी रडलीसुद्धा नाही, नुसती चपटं झालेलं दप्तर बघत राहिली. मी ते उचलून तिच्या हातात दिलं.

त्याच दिवशी मी सरांकडे गेले. शाळा भरताना आणि सुटताना आम्ही लाल झेंडा घेऊन गाड्या थांबवू, असं सांगितलं. सरांनी साफ नकार दिला. पोरांना हायवेवर उभं करायची जोखीम ते घेणार नव्हते. मुख्यमंत्रीही माझ्या बाजूनं बोलला, पण सर ऐकेनात. शेवटी मी विचारलं, "सर, मग ड्रायव्हरांना आधीच जाऊन सांगितलं तर? त्यांनी ऐकलं, तर उभं राहू द्याल?"

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग रविवारी तयार राहा म्हणाले.

रविवारी सर आम्हा दोघांना एसटीनं कारखान्यावर घेऊन गेले. वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरची रांग लागली होती आणि काट्यावरचा क्लार्क माइकवरून गाड्यांचे नंबर पुकारत होता. सरांनी त्याला आम्ही कशासाठी आलो ते सांगितलं. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि माइक माझ्यापुढे केला. सर दोन पावलं मागे सरकले. मुख्यमंत्र्यानं बोलावं असं मला वाटत होतं, पण तो म्हणाला, "खातं तुझं आहे."

मी माइक धरला. मग म्हटलं, "मी हायवेकडच्या हायस्कूलची वाहतूकमंत्री बोलतेय. आमची शाळा अकराला भरते, पाचला सुटते. शनिवारी सकाळी साडेसातला भरते, साडेदहाला सुटते. त्या वेळेला लाल झेंडा दिसला की गाडी हळू करा आणि टेप बारीक करा. लहान पोरं ओरडली तरी तुम्हाला ऐकू येत नाहीत."

माझाच आवाज सगळ्या आवारात घुमला. रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागले. पांढऱ्या मिशांचा एक जण जवळ आला. "आमाला शाळंचा टाइमच म्हाईत न्हवता," तो म्हणाला. "तू म्हनली तशी उभी ऱ्हा तिथं. बाकीच्यांला मी सांगतो."

सोमवारपासून आम्ही उभे राहिलो. सरांनी एक अट घातली होती, आमच्याजवळ रोज एक शिक्षक उभे राहतील. बहुतेक वेळा ते स्वतःच असत. एक झेंडा घेऊन मुख्यमंत्री पुढे वळणावर, एक घेऊन मी शाळेसमोर. पहिले काही दिवस दोन-चार गाड्या तशाच निघून गेल्या, मग त्याही हळू व्हायला लागल्या. मी हात आडवा केला की पाचवी-सहावीची पोरं थांबायची, खाली घेतला की रांगेनं निघायची. कारखाना बंद होईपर्यंत एकाही मुलाला खरचटलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी या खात्यासाठी नववीतल्या तिघांनी सरांच्या मागे लकडा लावला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

पण त्या वर्षातली एक शनिवारची सकाळ माझ्या मनात सगळ्यांत वर आहे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, नागापूरला एमआयडीसीत फिटर होते. खोली करून तिथंच राहायचे, रात्रपाळी संपवून शनिवारी सकाळच्या बसनं घरी यायचे. या कामाबद्दल त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. रस्त्यावर उभी राहते म्हटल्यावर रागावतील अशी धास्ती होती. त्या दिवशी नेमकी शाळा सुटताना बस शाळेसमोर थांबली, ते उतरले आणि खांद्याला पिशवी लावून वस्तीकडे जायला थेट रस्त्यावर आले. वळणावरचा झेंडा वर होता, ट्रॅक्टर येत होता. मी त्यांच्यापुढे हात आडवा केला आणि म्हटलं, "थांबा, दादा."

ते थांबले. ट्रॅक्टर टेप बारीक करून हळूहळू पुढे गेला. मी हात खाली घेतला, तसे पोरांच्या रांगेच्या शेवटी उभे राहून त्यांनी रस्ता ओलांडला. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

सगळी पोरं पलीकडे गेल्यावर झेंडा ऑफिसात ठेवून मी भीत भीत घरी गेले. दादा चुलीपाशी चहा पीत बसले होते आणि आईला सांगत होते, "मला थांबवलं तिनं. मला." मी दारात दिसले तेव्हा त्यांनी आपल्या शेजारचा पाट पुढे सरकवला आणि आईला माझ्यासाठीही चहा ओतायला सांगितलं.