दोन लाख एक

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. उभा जन्म सर्व्हर सांभाळण्यात गेला. मशीन खोटं बोलत नाही, टाइप करणारा चुकतो... हे मीच नव्या पोरांना शिकवलंय.

घर निलंग्याला. पुण्याच्या कंपनीचं काम इथूनच करतो. बायको, शैला, जाऊन दीड वर्ष झालं. नांदेडची लेक मागं लागली होती – घर बंद करा, इकडं या. त्या दिवशी सकाळी मी एकदाचा हो म्हणालो.

सर्व्हरमधली काही कार्डं प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितात. अशा किती नोंदी एका वेळी चालतील, त्याची मर्यादा कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातल्या, मॉड्यूलला आकड्यात सांगावी लागते. शैला पाठीमागं उभी राहून विचारायची, "किती टाकलाव?"

"दोन लाख."

"मोजून? एक जास्त टाका की!"

"भाकरी आहेत का या?"

"दारात भिक्षेला जंगम आला तर काय सांगणार, संपलं म्हणून?"

रोज एक भाकरी जास्त करायची ती. जंगम कधीतरीच यायचे, उरलेली मीच खायचो. तिचा तो एक मात्र मी कधी टाकला नाही.

तर त्या दुपारी घरातल्या टेस्टिंगच्या मशीनला मर्यादा कमी पडली. फाइलमध्ये दोन लाख लिहिले, रीस्टार्ट केलं आणि मोजून दोन भाकरी करून जेवलो. मग मशीनमध्ये चालू असलेला आकडा तपासला.

२००००१.

फाइल उघडली. तिथं २०००००च! मॉड्यूल फाइलमधला आकडा जसाच्या तसा उचलतं. लॉग पाहिले – माझ्याशिवाय आत कुणी आलं नव्हतं. घाबरायला हवं होतं... मी हमसून हमसून रडलो. ती गेली तेव्हाही एवढा रडलो नव्हतो.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "अप्पा, तुमच्याच हातून जास्तीचा एक पडला असंल. लई एकटं राहायलाव. या आता."

असेलही. पण मग फाइलमध्ये का नाही?

नांदेडला गेलो नाही. त्यानंतर कारण नसताना कितीदा तरी रीस्टार्ट केलं. तो एक मी स्वतः लिहीत नाही. दरवेळी नुसते दोन लाख येतात.

भाकरी आता तीन करतो. तिसरी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवतो. मग मीच खातो.