माझी बारा भांडी आणि जाऊबाईंची बरणी

तिसरं भांडं फुटलं तेव्हा मी अंगणात पोचले. हातात ओली गोधडी होती, ती तशीच धुळीत टाकली. थोरल्या जाऊबाई पदर खोचून ओट्याच्या कडेला उभ्या होत्या. पायाशी खापऱ्या पडलेल्या, आणि दोन्ही हातांत माझा दुतोंड्या भोपळा, मातीचा, डोक्याच्या वर उचललेला.

"अक्का, खाली ठेवा ते."

"खाली कसं ठिवू? आत्याचा दहावा हाय आज. मातीचं भांडं घरात ठिवत्यात व्हय?"

आत्या म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांना जाऊन दहावा दिवस होता. पुरुष नदीवर विधीला गेले होते आणि आम्ही बायका घर धूत होतो. सुतक फिटायच्या दिवशी घरातली मातीची भांडी बाहेर काढून फोडायची, ही आमच्याकडची रीत. माठ आणि गाडगी सकाळीच फोडून झाली होती. माठ तर मीच फोडला. त्याचं मला काही वाटलं नाही, कुंभाराकडून नवा येतो. मग मी गोधड्या घेऊन विहिरीवर गेले आणि माझ्या पाठीमागं जाऊबाईंची नजर माझ्या मांडणीवर गेली.

बाहेरच्या खोलीत भिंतीला ठोकलेल्या त्या फळ्यांवर आणि घरात इकडंतिकडं मिळून माझी बारा भांडी होती. सात वर्षांत एकेक करून आणलेली. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. शेत सासऱ्यांचं, म्हशी मालकांच्या. स्टीलच्या डब्यांवर नावं घातलेली, तीसुद्धा त्या दोघांचीच. ही बारा भांडी मात्र मी निवडली, मी आणली आणि मी मांडली.

ती कशी आली ते सांगते, म्हणजे मी पुढं जे केलं ते कळेल.

नव्वदीच्या मधल्या सालांत पुण्याच्या एक ताई आमच्या गावात, कळंबला आल्या. आमच्या शिवाराच्या कडेला थोडी जागा घेतली, पत्र्याची शेड मारली आणि विटांची भट्टी बांधली. गाव म्हणालं, बेकरी निघणार. निघाली भांड्यांची भट्टी. ताईंना माती मळायला बाई पाहिजे होती. मी चौथी शिकलेली, पण भाकरीचं पीठ जन्मभर मळलेलं. गेले.

काम सोपं होतं. पोत्यातली माती भिजवायची, मळायची, आतली हवा काढायची. हवा राहिली तर भांडं भट्टीत फुटतं. दुसरं काम फोडण्याचं. भट्टी उघडली की ताई एकेक नग हातात घेऊन बघायच्या. चीर गेलेला, वाकलेला, ग्लेज म्हणजे वरचं काचेसारखं लेपण ओघळलेला, असा सगळा माल बाजूला ठेवायचा आणि मी हातोडीनं फोडायचा. वाईट माल आपल्या नावानं बाहेर जायला नको, असं ताईंचं म्हणणं.

पहिल्या भट्टीचा दिवस मला नीट आठवतो. दीड दिवस गॅसवर भट्टी जळत होती, मग दोन दिवस भट्टी निवत ठेवली. तोंडाच्या विटा काढल्या तर आतून आवाज यायला लागला. टिंग. टिंग टिंग. जसं कुणी आत बारीक पैंजण घालून बसलंय. मी मागं सरले.

"मावशी, घाबरू नका. गार हवा लागली की ग्लेज तडकतं, तो आवाज आहे," ताई म्हणाल्या.

घाबरले कुठं, मला तर नाचावंसं वाटत होतं. जी माती मी पायाजवळ घेऊन मळली होती, शेणासारखी राखाडी, ती आत जाऊन काळी, तपकिरी, निळसर होऊन आली होती. टिचकी मारली की घणघण वाजायची. आमच्या कुंभाराच्या माठाला टिचकी मारली तर बद्द बोलतो. हे काही वेगळंच होतं. ताई त्याला स्टोनवेअर म्हणायच्या.

मग मी फोडायला बसले. पहिलाच नग हातात आला तो उंच, निमुळता, आणि आगीत मान मोडून एका बाजूला कललेला. तो हुबेहूब आमच्या सासऱ्यांसारखा दिसत होता, ओट्यावर बसल्या बसल्या पेंगताना. हातोडी उचलली आणि खाली ठेवली.

"ताई, हा मला द्या."

"तो वाकडा आहे, मावशी. पाणीसुद्धा नीट ओतता येणार नाही."

"मला पाणी न्हाई वतायचं. मला बघायचाय."

ताईंनी हातोडी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "न्या."

घरी आणला तर मालक म्हणाले, "ह्यात दाणं ठिवता येत न्हाईत, पाणी भरता येत न्हाई. कशाच्या उपेगाचं हे?"

"तुमी तरी कुठं उपेगाला येताय? तरी ठिवलंयच की घरात."

मालक हसले आणि बाहेर गेले. आत्या आतून म्हणाल्या, "भूत आनलंय घरात, भूत!"

त्यानंतर मी थांबले नाही. दुसऱ्या भट्टीतून मेंढी आली. खरं तर तो एक मोठा गोळा, आतून पोकळ, तपकिरी, खरखरीत. पण आमच्या रानात मेंढरं बसवतात तेव्हा पोटात तोंड खुपसून बसलेली एखादी म्हातारी मेंढी दिसते ना, तशी. मग एक पसरट ताटली, आभाळाकडं तोंड करून. माझं माहेर खोडदचं. तिथं तेव्हा शिवारात मोठमोठ्या दुर्बिणीच्या ताटल्या उभ्या राहत होत्या, तिची ही लहान बहीण. दिवाळीला ताई साडी द्यायला लागल्या. मी म्हणाले, साडी नको, तो दोन तोंडांचा भोपळा द्या. तो वाया गेलेला माल नव्हता, विकायचा नग होता. ताईंनी दोनदा माझ्याकडं, दोनदा भोपळ्याकडं बघितलं आणि दिला. कागदात गुंडाळून डोक्यावर घेऊन आले. रस्त्यात मला थांबवून बायका विचारायच्या, "काय आनलं गं?" मी सांगायचे, "मातीचं आनलंय." पुढं याच शब्दानं माझा घात केला.

आणणं सोपं, मांडणं अवघड. मांडणीवर पितळी हंडे, स्टीलचे डबे, पेले ओळीनं, उन्हात डोळे दिपतील असे. त्यात माझी भांडी ठेवली तर दिसेचनात, जशी लग्नाच्या गर्दीत गावाकडची मावशी. मी डबे स्वयंपाकघरात हलवले. आत्या दोन दिवस बोलल्या नाहीत. भिंत निळी होती. निळ्यावर काळं भांडं मेल्यासारखं दिसायचं. चुना आणून मी ती भिंत एकटीनं पांढरी केली. मग एकेक भांडं उचलून इकडं तिकडं ठेवत बसायचे. पाच एका ओळीत ठेवली की मंचरच्या बाजारातलं दुकान वाटायचं. दोघं जवळ आणि एक लांब ठेवलं की ती एकमेकांशी बोलायला लागायची. मधली जागा मोकळी सोडावी लागते, हे मला कुणी शिकवलं नाही. मेंढी जमिनीवरच शोभायची, म्हणून तिला खाली दाराशी बसवली. ताटली कोनाड्यात ठेवली, कारण चार वाजता खिडकीतलं ऊन तिथं येतं आणि ताटलीत पाणी भरल्यासारखं दिसतं. भोपळ्याच्या एका तोंडात बाजरीचं एक कणीस खोचलं. एकच. दोन खोचली तर सगळं बिघडायचं.

एकदा ताई चहाला आल्या. चपला काढल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"हे कुणी लावलं?"

"मी. का? चुकलं काय?"

 ताई चहा गार झाला तरी बघत बसल्या. मला एवढा आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता. लग्नात तर मला झोपच येत होती.

आत्यांनी भूत म्हणणं सोडलं नाही, पण एक लहान झाकणाचं भांडं मात्र हळूच उचललं आणि त्यात मिश्री ठेवायला लागल्या. रोज सकाळी झाकण उघडल्याचा आवाज यायचा. आम्ही दोघीही त्याविषयी एक शब्द बोललो नाही.

अशी ती बारा भांडी. आणि दहाव्याच्या दिवशी जाऊबाईंनी त्यांतली तीन फोडली. पहिला मान मोडलेला गेला, मग दोन उंच नग. भोपळा हातात होता.

"अक्का, ही माती न्हाई," मी म्हणाले.

"सात वर्सं तूच सांगतीस, मातीच्या कामाला जाती, मातीचं आनलंय. आता माती न्हाई म्हनती व्हय?"

त्यांचं बरोबर होतं. मीच सांगितलं होतं.

भावकीतल्या दोन बायका मेंढी उचलून आणत होत्या. त्यांनी ती फरशीवर सोडली. मेंढी नुसती गडगडली. परत उचलून आपटली. फरशीचा कोपरा उडाला, मेंढी जशीच्या तशी.

"अगं बया, ही मरत कशी न्हाई?" त्यांतली एक म्हणाली आणि दुसरीला हसू फुटलं.

तेवढ्यात मला सुचलं. आमचं आणि जाऊबाईंचं घर एकच, मधे वाटणीची भिंत. मी सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांची लोणच्याची बरणी उचलली. वरून खाकी, खालून पांढरी, कैरीच्या लोणच्यानं गळ्यापर्यंत भरलेली. वर्षाचं लोणचं. ती घेऊन अंगणात आले आणि फरशीवर उंच धरली. बरणी जड होती.

"ही बी मातीचीच. फोडू?"

"अगं ए, ठिव खाली! सुतकाचा हात लावलास माज्या लोनच्याला!"

"तुमचा हात बी सुतकाचाच हाय. फोडू का न्हाई ते सांगा."

"ती बरनी हाय! बरनी कुनी फोडतं का?"

"का न्हाई फोडत? तीच माती, तशीच भट्टी, वरनं तसंच लेपन. मी सात वर्सं मळतीय, मला सांगू नका. भोपळा फुटला की बरनी फुटली."

दोघी तशाच उभ्या राहिलो, दोघींचे हात वर. हसणाऱ्या बाईचं हसू थांबलं. भिंतीला टेकून आमच्या चुलत सासूबाई बसल्या होत्या. भावकीत सगळ्यांत मोठ्या. डोळे गेलेले, कान शाबूत. रीतीभातीचं काही अडलं की त्यांनाच विचारायचं.

"आना हिकडं दोनी," त्या म्हणाल्या.

आम्ही दोन्ही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी आधी बरणीवर बोटाच्या सांध्यानं टकटक केलं. मग भोपळ्यावर. मग पुन्हा बरणीवर. कान जवळ नेऊन ऐकलं. तळवे फिरवले, जीभ लावून बघितली. 

"पानी पाझरतं का ह्यातनं?"

"थेंब न्हाई, काकी. महिनाभर ठिवलं तरी."

"माठ पाझरतो. माठ सुतक पितो, म्हनून फोडायचा. हे काय पीत न्हाई." त्यांनी हात झाडले. "आवाज येकच हाय. बरनी ऱ्हायली तर हे बी ऱ्हातंय. गोमूत्र शिपडा, धुवून घ्या आन् आत ठिवा. नैवेद्याला उशीर हुतोय."

झालं. एवढंच. मी भोपळा कडेवर घेतला, लेकरासारखा, आणि आत पळाले. धुताना मी हसत होते. सासूबाईंच्या दहाव्याला सून हसते, हे बायकांनी बघितलं. बघू दे.

संध्याकाळी जाऊबाई आल्या. खापऱ्या त्यांनी झाडून एका पाटीत भरल्या होत्या. पाटी माझ्या दारात ठेवली.

"चिटकवता येत्यात का?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय. फेका."

त्यांनी फेकल्या नाहीत. परसात तुळशीच्या आळ्याभोवती लावल्या, चकाकी वर करून. मी गेले आणि दोन काढून जागा बदलली. त्या म्हणाल्या, "आता हितंबी तुजंच खरं करनार का?" मी म्हणाले, "हो."

मिश्रीचं भांडं आत्यांच्या उशाशीच राहिलं होतं, म्हणून वाचलं. ते मांडणीवर ठेवलं. जी तिघं गेली त्यांची जागा मी भरली नाही. रिकामीच बरी दिसत होती.

ताई पुढं शेड बंद करून गेल्या. चुलत सासूबाई गेल्या, भावकीतल्या त्या दोघी गेल्या, मग मालक, मग जाऊबाई. जाऊबाईंच्या दहाव्याला माठ फुटला. बरणी त्यांच्या सुनेनं धुवून माझ्याकडं आणून दिली, घरात तिला जागा नव्हती म्हणून. त्या दिवशी अंगणात होतो त्यांतली आता मी आहे, नऊ भांडी आहेत आणि ती बरणी आहे.