अण्णाचा बारुदीचा डबा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यात लेकाच्या घरी मेथी निवडत होते. "आत्या, अण्णा गेले." निवडलेली मेथी झाकून ठेवली आणि फुलंब्रीला गेले. रडले नाही. नव्वदीतला माणूस, झोपेत गेला, त्यात रडायचं काय? पण दीड महिना झाला, डोक्यातून जात नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. रानडुकरांपासून पीक राखायला त्याच्याकडं परवान्याची बंदूक होती आणि तिची काडतुसं तो घरीच भरायचा. बारूद एका डब्यात, ती पेटवणाऱ्या टोप्या दुसऱ्यात, छर्रे तिसऱ्यात. प्रत्येकावर चिठ्ठी... कधी आणलं, कधी उघडलं. दसऱ्याला लोक शस्त्राला हळदकुंकू वाहत, हा आधी बारूद नाकाशी धरायचा. बिघडल्याचा आंबूस वास आला की पूजा राहिली बाजूला, डबा घेऊन ती रानात टाकायला निघायचा. त्याला कारण होतं. अठ्ठेचाळीस साली निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत वडिलांनी बारूद मडक्यात घालून गोठ्यात पुरली होती. चार-पाच वर्षांनी अण्णानं ती उकरली, वाळवली आणि आमच्या चुलतभावाला, नामदेवला, काडतूस भरून दिलं. नामदेवनं चाप ओढला, बार उडाला नाही. त्यानं बंदूक उघडली आणि तेव्हा उडाला... दोन बोटं गेली. नामदेव पुढं हसून सांगायचा, "दोन बोटं अण्णाकडं ठेवायला दिलीत." अण्णा कधी हसला नाही.

हे सगळं ठाऊक असून चूक मी केली. पुढं एका उन्हाळ्यात माहेरी गेले होते. अंगणात डाळी, कुरडया वाळत घातल्या होत्या. बारुदीला ओल वाईट म्हणतो ना, मग दाखवू ऊन, म्हणून तो डबाही नेऊन ठेवला. दिवसभर तापला. अण्णा शेतातून आला.

"काशे, हा इथं कुणी ठेवला?"

"मी. वाळू दे की चांगला."

"बारूद हाय ती, कुरडई नाय. तापली की बी बिघडती." त्यानं वास घेतला. "वास तर बरा हाय." आणि डबा उचलून आतली बारूद टाकायला निघाला.

"बरा हाय म्हणतोस आन् फेकतोस? येडा झाला का?"

"चांगली असंल बी. पण आता मला ठाऊक नाय. नामदेवची बी चांगलीच वाटली व्हती."

त्या साली नवी बारूद दिवाळीपर्यंत मिळाली नाही. डुकरांनी अर्धा मका लोळवला. अण्णा बांधावर बसून पत्रा बडवत राहिला, मला एका शब्दानं बोलला नाही. मी पुष्कळ माणसं पाहिली, देवमाणूस म्हणवून घेणारीही. पण डोळ्यांदेखत पीक जातंय आणि खात्री नाही म्हणून टाकलेल्या बारुदीची हळहळ नाही, असा माणूस दुसरा पाहिला नाही.

नजर कमी झाली तेव्हा त्यानं आपण होऊन बंदूक जमा केली, उरलंसुरलं सगळं निकालात काढलं. तेराव्याला भाच्यानं तोच डबा माझ्या हातात दिला. अण्णानं माझ्यासाठी बाजूला ठेवला होता म्हणे. झाकण काढून त्याच्यासारखाच नाकाशी धरला... कसलाच वास नाही. तळाला चिठ्ठी होती, त्याच्या वाकड्या अक्षरात: "काशी, रिकामा आहे. तरी उन्हात ठेवू नको."

माझ्या फळीवर दुपारचं ऊन येतं. डबा मी आत, भिंतीकडं सरकवून ठेवला आहे.