बारशाची आत्या गोठ्यापाशी

मैत्रिणींनो, या मानमोडीच्या साथीचा ताप किती हात अंतरावरून लागतो? मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही येत नाही.

पंधरा दिवस मी लोणावळ्याच्या धर्मशाळेत रोग्यांना पेज भरवते आहे आणि घरी येऊन पडवीत निजते. आज भावाच्या मुलाचं बारसं होतं. आत्या मीच, म्हणजे पाळण्यात वाकून कानात नाव सांगायचं तेही मीच.

"आंगूळ कर, लुगडं बदल आन् वाक," आई म्हणाली.

"आई, साथ श्वासातून पसरते. अंघोळीनं श्वास धुतला जातो का?"

"लय शिकलीस! बी. ए. झालीस म्हनून पोराला बिननावाचं ठिवायचं व्हय?"

शेजारच्या मावशींनी भर घातली, "रोग्याच्या तोंडाशी वाकती, आन् भाच्याच्या कानाशी न्हाई!"

अहो, म्हणूनच तर नाही! संतापानं मला रडूच आलं. वहिनीनं बाळावरचा पदर आणखी ओढून घेतला.

मग मी अंगणाच्या टोकाला, गोठ्यापाशी गेले आणि तिथून ओरडून नाव सांगितलं, "यशवंत!" सगळ्या आळीनं ऐकलं. वहिनीनं तेच नाव हळूच त्याच्या कानात सांगितलं.

तुम्ही काय केलं असतं? मी वळकटी उचलली. साथ सरेपर्यंत मुक्काम धर्मशाळेत, आणि हे तिथूनच लिहिते आहे.