औषधावरचा हात

माझ्या हातची सगळ्यात फसलेली कुल्फी कोणती, असं कुणी विचारलं तर मी सांगते, सांध्यांच्या इंजेक्शनची. हसा तुम्ही. आता मीही हसते. त्या दिवशी मात्र तोंड लपवायला जागा नव्हती.

लातूरच्या अंगात तेव्हा क्लासचं वारं आलं होतं. गल्लीत घरं कमी, पाट्या जास्त. मी क्लासच्या मुलींची मेस चालवायची आणि स्वतःला फार हुशार समजायची. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरी माझी भाकरी खातात, तेव्हा त्यांचं थोडं शहाणपण आपल्याकडे उलटं येत असणार, असा माझा हिशोब.

मग बोटं सुजली. सकाळी मूठ वळेना, भाकरी थापता येईना. संधिवात निघाला, तोही अंग आपल्याच सांध्यांवर उठतं त्या जातीचा. गोळ्यांनी भागेना, तेव्हा महिन्यातून एकदा सोलापूरहून येणाऱ्या सांध्यांच्या डॉक्टरांनी नव्या तऱ्हेचं इंजेक्शन लिहून दिलं. छातीचा फोटो झाला, टीबीची तपासणी झाली. पण औषध मिळायला हवं ना! दुकानदार चिठ्ठी बघायचे आणि परत करायचे. "पुण्यात बघा."

मागवून दिलं ते एकाच माणसानं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मेडिकल. पोरं त्यांना मामू म्हणत, मी भाई म्हणायची.

भाई औषध काउंटरवर ठेवायचे आणि त्यावर तळहात दाबून उभे राहायचे. ओढलं तरी सुटायचं नाही. "आधी बोला. ताप? खोकला? कुठं जखम?" डोकेदुखीच्या गोळीसाठी आलेलं पोरगं कावायचं, "मामू, तिकडं क्लास सुरू होऊन राहिला!"

"होऊ दे. पहिला पेपर हितं दे."

मी एकदा चिडून म्हटलं, "भाई, दुखतात बोटं, आणि दर बारीला खोकला काय विचारता?"

"ताई, हे इंजेक्शन अंगातल्या पहारेकऱ्याला गप बसवतंय. तो सांध्यावर काठी चालवायचा थांबतो, बरंच हाय. पण खरंच चोर शिरला, तर ओरडणार कोण?"

भूकंपाआधी त्यांचं दुकान औशाकडच्या एका खेड्यात होतं. ते पडलं. नंतर तंबूंमध्ये औषधांचे खोके गाड्या भरून आले. देणाऱ्याला घाई, घेणाऱ्याला नाव वाचता येईना. लोक रंग बघून गोळ्या न्यायचे. "तवापासून औषधावरचा हात निघंना," एवढंच ते सांगायचे.

माझं इंजेक्शन हैदराबादहून ट्रॅव्हल्सनं यायचं, थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांत. भाई पहाटे स्वतः गाडीपाशी उभे. मग ते दुकानाच्या फ्रीजमध्ये राहायचं आणि ठरल्या दिवशी शेजारच्या दवाखान्यातल्या सिस्टर टोचायच्या. एका मे महिन्यात भाई त्यांच्या भाचीच्या लग्नाला हिमायतनगरला निघाले, दुकान बंद राहणार होतं, म्हणून पुडा माझ्या हाती दिला.

"फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फात न्हाई."

"हाव, हाव," मी म्हटलं.

घरी खालचा कप्पा दह्याच्या पातेल्यांनी भरलेला. त्यात लाईट सारखी जायची. मी डोकं चालवलं. गार चांगलं, तर दगडासारखं गार त्याहून चांगलं! ठेवला पुडा वर बर्फाच्या खणात, मटारच्या पिशवीला टेकून.

ठरल्या दिवशी काढलं तर आत नुसता खडा. ओल्या फडक्यात गुंडाळून वितळवलं. दिसायला जसंच्या तसं. कुणाला कळतंय! खरं म्हणजे मी घाबरले होते. हा डोस गेला तर दुसरा कधी येईल ठाऊक नाही, आणि बोटं पुन्हा आखडली तर मेस बंद. मी गप्प राहायचं ठरवलं.

भाई लग्नाहून परतले होते. त्यांनी पुडा काउंटरवर ठेवला, वर हात. ताप, खोकला, जखम, सगळ्याला माझं न्हाई.

"कुठं ठेवलं होतं?"

"खालच्या कप्प्यात."

त्यांनी पुडा उलटा केला. तळाला एक हिरवागार मटार चिकटलेला.

"खालच्या कप्प्यात मटार उगवला का, ताई?"

मग मी सगळं ओकले. वर हट्टही धरला, "पण वितळलंय की! टोचू द्या, वाया जाईल."

"गेलंय वाया. हे औषध एकदा गोठलं की मेलं, वितळून जितं होत न्हाई. मेलेलं अंगात घालून काय करता?"

त्यांनी पुडा बाजूला काढला आणि माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. "साहेब, ताईंचा डोस खराब झाला. मी घरी दिला, नीट समजावलं न्हाई. आता पुढं कसं करायचं?" मग हैदराबादला फोन. तो तासभर चालला, त्यात विनवण्या होत्या आणि थोड्या शिव्याही.

नवा डोस येईपर्यंत माझी बोटं गाजरासारखी फुगली. पोरींनी आळीपाळीनं भाकरी थापल्या. एकीची भाकरी थेट जिल्ह्याचा नकाशा, तालुक्यांसकट. आम्ही तीही खाल्ली.

भाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दुकानाच्या जागी क्लासची पाटी आहे. इंजेक्शन आता गावात चार ठिकाणी मिळतं. पुडा चटकन हातात येतो, कुणी काही विचारत नाही. मग मीच काउंटरवर उभी राहून मोठ्यानं सांगते, ताप नाही, खोकला नाही, जखम नाही. म्हातारी चळली, अशा नजरेनं लोक बघतात.

तो नवा डोस टोचून झाला त्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "भाई, चूक माझी, खोटं मी बोलले. डॉक्टरांना तुम्ही तुमची चूक का सांगितली? मला चार शब्द सुनावायचे होते ना."

भाई म्हणाले, "सुनावले असते, तर पुढच्या बारीला तुम्ही पुडा पुसून आणला असता."